हप्त्यावर उभी राहिलेली पेठ: अटलांटाच्या ऑबर्न अ‍ॅव्हेन्यूवर तीन दिवस

पहिला दिवस, मंगळवार, 15 ऑक्टोबर 2024

मुलाचे घर अटलांटा शहराच्या उत्तरेला अल्फारेटा या उपनगरात आहे आणि त्याच्या ओळखीतील मराठी कुटुंबे आसपासच राहत असल्यामुळे पहिले दोन आठवडे गणपतीच्या राहिलेल्या गप्पा, नवरात्र आणि दसरा यांतच निघून गेले. मी मात्र भारतातून निघतानाच एक गोष्ट मनाशी ठरवून आलो होतो. सोलापुरात आयुर्विम्याच्या कामात तेहतीस वर्षे काढलेल्या माणसाला, गुलामगिरीत जन्मलेल्या एका न्हाव्याने 140 डॉलरला मोडकळीला आलेली मदत मंडळी विकत घेतली आणि तिची विमा कंपनी केली, एवढे एक वाक्य वाचायला मिळाले तर तो ती जागा पाहिल्याशिवाय राहणार नाही. त्यामुळे सकाळी मुलाने मला नॉर्थ स्प्रिंग्ज स्थानकावर सोडले, अडीच डॉलरचे तिकीट काढून दिले आणि सायंकाळी सहाच्या आत परत येण्याची ताकीद दिली. पूर्वी ही ताकीद मी त्याला देत असे.

पीचट्री सेंटर हे स्थानक खडक फोडून जमिनीखाली खोल बांधलेले आहे, आणि तेथून वर येणारा सरकता जिना इतका लांब आहे की त्यावर उभ्या उभ्या एक छोटे पत्र लिहून होईल. वर आल्यावर मी लगेच ऑबर्न अ‍ॅव्हेन्यूकडे वळलो नाही. कृष्णवर्णीयांच्या त्या पेठेची गोष्ट पेठेत सुरू होत नाही. ती सुरू होते मरिएटा स्ट्रीटच्या मध्यभागी 1891 पासून उभ्या असलेल्या हेन्री ग्रेडी या संपादकाच्या पुतळ्यापाशी.

सन 1906 मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरपदासाठी होक स्मिथ आणि क्लार्क हॉवेल यांच्यात चुरस होती. पहिला एका दैनिकाचा माजी मालक, तर दुसरा प्रतिस्पर्धी दैनिकाचा संपादक. आणि कृष्णवर्णीयांचा मताधिकार कोण अधिक कडकपणे काढून घेईल, यावर दोघांची स्पर्धा लागलेली होती. निवडणूक संपली तरी तापवलेले शहर निवले नाही. शनिवार, 22 सप्टेंबर रोजी कृष्णवर्णीयांनी गोऱ्या स्त्रियांवर हल्ले केल्याच्या, पुढे सिद्ध न झालेल्या, बातम्यांचे जादा अंक दुपारपासून एकापाठोपाठ एक रस्त्यावर आले आणि रात्री हजारोंचा गोरा जमाव मध्य शहरात घुसला. ट्रामगाड्यांमधून माणसे ओढून मारण्यात आली. हिंसाचार काही दिवस चालला आणि त्यात किमान 25 कृष्णवर्णीय मारले गेले असे आता मानले जाते. मृतांपैकी काहींची प्रेते याच ग्रेडीच्या पायथ्याशी आणून टाकण्यात आली होती. आज त्याच्या दोन्ही बाजूंनी मोटारी जातात आणि बसची वाट पाहणारे लोक पुतळ्याकडे मान वर करूनही पाहत नाहीत.

त्या रात्री पीचट्री स्ट्रीटवरील 66 क्रमांकाच्या सलूनच्या काचाही फुटल्या. हे सलून अलोन्झो हर्नडन यांचे. त्यांचा जन्म 1858 मध्ये सोशल सर्कल या गावी गुलाम म्हणून झाला. यादवी युद्ध संपून सुटका झाली तेव्हा ते सात वर्षांचे होते. पुढे हाताला लागलेल्या वस्तऱ्याच्या जोरावर त्यांनी अटलांटात असे सलून उभारले की संगमरवर, झुंबरे आणि महोगनीचे दरवाजे पाहण्यासाठी बाहेरगावची मंडळी येत असत. कारागीर सगळे कृष्णवर्णीय आणि गिऱ्हाईक मात्र फक्त गोरे. स्वतः मालकाला आपल्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून बसता आले नसते. दंगलीच्या रात्री त्यांनी दुकान लवकर बंद केले होते म्हणून माणसे वाचली. समोरच्या सलूनमधील कारागीर वाचले नाहीत.

दंगलीनंतर मध्य शहरातील कृष्णवर्णीय दुकानदारांना तेथे राहणे अवघड झाले. वर्णभेदाचे कायदे, गाळे न देणारे घरमालक आणि मनात बसलेली ती रात्र या सगळ्यांनी मिळून त्यांना पूर्वेकडे, पूर्वी व्हीट स्ट्रीट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि 1893 मध्ये ऑबर्न अ‍ॅव्हेन्यू असे नाव मिळालेल्या रस्त्याकडे ढकलले. पुतळ्यापासून तेथपर्यंतचे अंतर मी घड्याळ लावून चाललो. माझ्या चालीने, गुडघ्याची तक्रार ऐकत, ते बारा मिनिटांचे निघाले.

148, ऑबर्न अ‍ॅव्हेन्यू. फिकट दगडाचा, वर ग्रीक देवळासारखा दर्शनी भाग असलेला हा अटलांटा लाइफ या विमा कंपनीचा जुना मुख्यालयाचा पत्ता. दारे बंद होती. पायऱ्यांसमोर मी बराच वेळ उभा राहिलो, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना माझी दया आली असावी, कारण एका बाईंनी मी वाट चुकलो आहे काय असे विचारले.

ज्यांनी विम्याचे काम केलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. त्या काळी चर्चच्या आश्रयाने लहान लहान मदत मंडळ्या चालत. आपल्याकडील भिशी आणि पतपेढी यांच्या मधला तो प्रकार होता. सभासदाने आठवड्याला काही सेंट द्यायचे, आजारपणात त्याला थोडा आधार मिळायचा आणि मेल्यावर त्याला नीट पुरले जायचे. व्हीट स्ट्रीट चर्चचे धर्मोपदेशक पीटर जेम्स ब्रायंट आणि त्यांचे सहकारी अशीच एक मंडळी चालवीत होते. सन 1905 मध्ये राज्याने कायदा केला की अशा संस्थेने सरकारकडे 5000 डॉलर अनामत ठेवली पाहिजे. लबाड मंडळ्यांना आळा घालण्यासाठी अनामत हवीच, हे माझ्यासारखा या धंद्यातला माणूस मान्य करील. पण सेंट-सेंट गोळा करणाऱ्यांनी पाच हजार आणायचे कोठून? धर्मोपदेशक हर्नडन यांच्याकडे आले. त्यांनी 140 डॉलरला मंडळी घेतली, पदरचे 5000 भरले, आणखी काही डबघाईच्या मंडळ्या तिच्यात विलीन करून घेतल्या. गोऱ्यांच्या कंपन्या कृष्णवर्णीयांना एक तर विमा देत नसत किंवा तेवढ्याच हप्त्याला कमी रक्कम देत. त्यामुळे बाजारपेठ तयार होती, विश्वास तेवढा कमवायचा होता. विमेदाराच्या दारी दर आठवड्याला जाणारा एजंट हीच खरी कंपनी असते. इमारत नंतर येते. ती येथे 1920 च्या दशकात आली.

उरलेल्या दुपारी आजूबाजूचे पत्ते पाहिले. समोरच 145 क्रमांकावर ‘अटलांटा डेली वर्ल्ड’ या वृत्तपत्राची इमारत आहे. विल्यम अलेक्झांडर स्कॉट यांनी 1928 मध्ये काढलेले हे पत्र 1932 मध्ये दैनिक झाले, आणि 2008 च्या मार्चमधील चक्रीवादळात या इमारतीचे मोठे नुकसान झाले. पुढे रॉयल पीकॉक हा संगीताचा क्लब आणि त्याच्या पलीकडे ऑड फेलोज ही जुनी लाल विटांची उंच इमारत. सिटिझन्स ट्रस्ट ही बँकही याच रस्त्यावर 1921 मध्ये सुरू झाली. विमा, बँक, वृत्तपत्र, औषधाचे दुकान, दवाखाने, वकील, नाटकगृह, चर्च आणि रात्रीचे गाणे, असे सगळे अर्ध्या-पाऊण मैलात. ‘फॉर्च्यून’ मासिकाने 1956 मध्ये या रस्त्याला जगातील सर्वांत श्रीमंत निग्रो रस्ता म्हटले. योगायोग असा की त्याच वर्षी आपल्याकडे 245 विमा कंपन्या आणि संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले होते. माझ्या कारकिर्दीचे मूळ आणि या पेठेचा कळस एकाच सालातला.

सहाला पाच मिनिटे कमी असताना नॉर्थ स्प्रिंग्जला पोचलो.

दुसरा दिवस, बुधवार, 16 ऑक्टोबर

आज ट्रामने गेलो. ही छोटी निळी ट्राम 2014 च्या अखेरीस सुरू झाली आणि तिचा वर्तुळाकार मार्ग जेमतेम पावणेतीन मैलांचा आहे. डब्यात माझ्याशिवाय चार जण होते. डॉब्स प्लाझा या थांब्यावर उतरलो.

जॉन वेस्ली डॉब्स हे रेल्वेच्या टपाल डब्यात पत्रे लावणारे कारकून. निवृत्तीपूर्वीच ते जॉर्जियातील प्रिन्स हॉल मेसन या कृष्णवर्णीयांच्या बंधुसंघाचे प्रमुख झाले आणि सगळ्या रस्त्याचे वडीलधारे ठरले. ‘स्वीट ऑबर्न’ हे नाव त्यांनी रूढ केले. आपल्या माणसाला पैसा, मत आणि पुस्तक या तीन गोष्टी हव्यात, असे ते सांगत. इंग्रजीत तिन्ही शब्द एकाच अक्षराने सुरू होतात, त्यामुळे ते लोकांच्या तोंडी बसले. नावाबद्दल एक गंमत मला येथे उभा असतानाच आठवली. महाविद्यालयात आम्हाला ऑलिव्हर गोल्डस्मिथची 1770 सालची कविता होती. तिची सुरुवातच ‘स्वीट ऑबर्न’ या शब्दांनी होते, आणि ती कविता ओस पडलेल्या गावावर आहे.

चौकात डॉब्स यांच्या चेहऱ्याचा एक प्रचंड धातूचा मुखवटा ठेवला आहे. समोरून पाहिले तर तो नेहमीसारखा पुतळा वाटतो. मागे गेल्यावर लक्षात येते की तो आतून पोकळ आहे आणि मागे उभे राहून त्यांच्या डोळ्यांच्या भोकांना आपले डोळे लावता येतात. मी लावले. धातू सकाळच्या उन्हाने कोमट झाला होता, आत कोणीतरी पूर्वी चिकटवलेल्या च्युइंगमचा वाळका गोळा होता, आणि दोन भोकांतून ऑबर्नचा रस्ता दिसत होता.

त्यांना तेथून काय दिसले असते, याचा हिशेब करायचा तर 1946 पासून सुरुवात करावी लागते. प्राथमिक निवडणुकीत फक्त गोऱ्यांनी मत द्यायचे ही पद्धत न्यायालयाने त्या वर्षी जॉर्जियात मोडून काढली आणि लगोलग ऑबर्नच्या मंडळींनी घरोघर फिरून मतदार नोंदणी केली. अवघ्या 51 दिवसांत सुमारे 18000 नवी नावे यादीत चढली. महापौर विल्यम हार्ट्सफील्ड यांच्याकडे कृष्णवर्णीय पोलिसांची मागणी पूर्वीपासून होती. ती त्यांना आता ऐकू येऊ लागली. एप्रिल 1948 मध्ये शहराने पहिले आठ कृष्णवर्णीय पोलीस नेमले.

त्या आठ जणांसाठी मी बटलर स्ट्रीटवरील वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या जुन्या इमारतीपर्यंत गेलो. रस्त्याला आता अटलांटा लाइफचे नंतरचे प्रमुख जेसी हिल यांचे नाव आहे. विटांची ती इमारत बाहेरूनच पाहिली. पोलीस मुख्यालयात गोऱ्या सहकाऱ्यांबरोबर बसण्याची त्यांना परवानगी नव्हती, म्हणून त्यांची चौकी या इमारतीच्या तळघरात होती. गणवेश घालून घरून येता येत नसे. साध्या कपड्यांत यायचे, तळघरात वर्दी चढवायची, गस्त संपली की ती उतरवून परत जायचे. गोऱ्या माणसाला अटक करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. गुन्हेगार गोरा असेल तर गोऱ्या शिपायाला बोलावणे पाठवायचे. तरीही पहिल्या गस्तीच्या वेळी लोक त्यांच्या मागे मिरवणुकीसारखे चालत होते म्हणतात. वर्दी मिळाली होती आणि तिच्यात अर्धाच अधिकार होता, हे दोन्ही त्या लोकांना चांगले कळत असणार.

दुपारी पुन्हा मागे येऊन 334 क्रमांकाच्या प्रिन्स हॉल मेसन भवनासमोर थांबलो. हेही डॉब्स यांच्याच पुढाकाराने उभे राहिले. या भवनात 1949 पासून डब्ल्यूईआरडी हे आकाशवाणी केंद्र होते. जेसी ब्लेटन या हिशेबतपासनीसाने ते विकत घेतले आणि ते अमेरिकेतील कृष्णवर्णीय मालकीचे पहिले केंद्र ठरले. पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेचे कार्यालय त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर आले. असे सांगतात की किंग यांना काही जाहीर करायचे असले की ते झाडूच्या दांड्याने छताला ठोकत आणि वरचा निवेदक मायक्रोफोन खिडकीतून खाली सोडत असे. या गोष्टीची शहानिशा करण्याची मला अजिबात इच्छा नाही.

मग येतो तो पूल. आंतरराज्य महामार्ग 75 आणि 85 येथे एकत्र होऊन ऑबर्नच्या डोक्यावरून जातात. खालून चालताना वरच्या गाड्यांचा आवाज एकसारखा, गिरणीच्या माग-खात्यातल्यासारखा येत राहतो. पन्नास-साठच्या दशकांत हा मार्ग पेठेच्या मधोमध घातला गेला आणि ऐंशीच्या दशकात तो आणखी रुंद केला. पश्चिमेला व्यापार राहिला, पूर्वेला घरे राहिली. चालत येणारे गिऱ्हाईक हेच ज्या दुकानांचे भांडवल होते, त्यांच्या दारापर्यंत आता हा पूल ओलांडून कोण येणार? उत्तरेची बटरमिल्क बॉटम ही गरीब वस्ती नगर-नूतनीकरणाच्या नावाखाली उठवण्यात आली, तेही याच सुमारास.

पेठ का बसली याचे एक सोपे उत्तर येथे वारंवार ऐकू येते: वर्णभेद उठला, शहरातील सगळी दुकाने खुली झाली, कृष्णवर्णीय गिऱ्हाईक तिकडे गेले. यात खोटे काही नाही. कोंडलेल्या माणसांच्या पैशावर जी श्रीमंती उभी राहते ती कोंडी फुटल्यावर काही प्रमाणात वाहून जाणारच, आणि कोंडी टिकावी असे ऑबर्नच्या कोणत्याही दुकानदाराने म्हटले नसते. उलट ती फोडणाऱ्या तरुणांना तुरुंगातून सोडवण्यासाठी जामिनाचे पैसे अटलांटा लाइफनेच पुरवले होते. पण एवढ्यावर थांबणारे उत्तर मला फार सोयीचे वाटते. गिऱ्हाईक स्वतःच्या मर्जीने जाते. महामार्ग कोणाच्या तरी नकाशावर, कोणाच्या तरी सहीने येतो. डॉब्स 30 ऑगस्ट 1961 रोजी वारले. त्याच दिवशी अटलांटाच्या शाळांमध्ये पहिल्यांदा कृष्णवर्णीय मुले गोऱ्या मुलांबरोबर बसली. त्यांचा नातू मेनार्ड जॅक्सन 1973 मध्ये शहराचा पहिला कृष्णवर्णीय महापौर म्हणून निवडून आला. मताची आणि पुस्तकाची बाजू अशी भरभरून फळाला आली, आणि पैशाची पेठ मात्र डोळ्यांदेखत रिकामी होत गेली.

पुलापलीकडे एबेनेझर बाप्टिस्ट चर्च आहे. जुने देवालय आता राष्ट्रीय उद्यान विभागाच्या देखरेखीखाली आहे. आत जाऊन मागच्या बाकावर बसलो. ध्वनिवर्धकावरून किंग यांच्या प्रवचनाचे जुने मुद्रण सुरू होते आणि तीस-चाळीस माणसे शाळेच्या वर्गात बसावी तशी गप्प बसली होती. किंग यांचे आजोबा, वडील आणि ते स्वतः, तिघांनीही येथे धर्मोपदेश केला. येथेच 1974 च्या जूनमध्ये त्यांची आई अल्बर्टा किंग ऑर्गन वाजवत असताना गोळी लागून मृत्यू पावली. मुलाच्या खुनाला तेव्हा सहा वर्षे झाली होती.

याच व्यासपीठावरून 4 जुलै 1965 रोजी किंग यांनी 1959 च्या भारत दौऱ्यातील एक प्रसंग सांगितला. केरळातील एका शाळेत, जिथे बहुतेक मुले पूर्वास्पृश्य समाजातील होती, मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतून आलेला आपला अस्पृश्य बांधव अशी करून दिली. किंग यांना प्रथम तो शब्द झोंबला. मग आपल्या देशातील दोन कोटी बांधवांची स्थिती त्यांच्या डोळ्यांपुढे आली आणि होय, मी अस्पृश्यच आहे, असे ते मनाशी म्हणाले. त्याच दौऱ्यात मुंबईत ते मणिभवनात मुक्कामाला होते. त्यांचे महाविद्यालयीन गुरू बेंजामिन मेज तर त्यांच्याही आधी, 1936-37 च्या हिवाळ्यात, वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटले होते. आवारातील गांधीजींच्या पुतळ्यापाशी छायाचित्रांसाठी रांग होती. मला वर्ध्याची धूळ आणि तेथे जाणारे ते अमेरिकन प्राध्यापक डोळ्यांपुढे आणण्यातच अधिक रस वाटला, म्हणून मी रांगेत उभा राहिलो नाही.

तिसरा दिवस, गुरुवार, 17 ऑक्टोबर

चौकशी न करता निघण्याची शिक्षा आज मिळाली. किंग यांचे जन्मघर, 501, ऑबर्न अ‍ॅव्हेन्यू, दुरुस्तीसाठी 2023 च्या नोव्हेंबरपासून बंद होते, हे मला कुंपणापर्यंत गेल्यावर समजले. सन 1895 मध्ये बांधलेले ते दुमजली लाकडी घर लांबूनच पाहिले.

पण घर बंद होते म्हणूनच मी पाठ फिरवून समोरच्या बाजूकडे नीट पाहिले. तेथे एकाच साच्याची बुटकी जोडघरे ओळीने उभी आहेत: अरुंद दर्शनी बाजू, मागे एकामागे एक खोल्या. सन 1905 मध्ये एका कापड गिरणीने आपल्या गोऱ्या कामगारांसाठी ही घरे बांधली. दुसऱ्याच वर्षी दंगल झाली, गोरे कामगार हळूहळू निघून गेले आणि त्यांत कृष्णवर्णीय कुटुंबे आली. म्हणजे त्याच रस्त्यावर धर्मोपदेशकाचे ऐसपैस घर आणि समोर गिरणी कामगाराच्या दोन खोल्या, आणि दोघांची मुले एकाच रस्त्यावर खेळणारी. श्रीमंताला दूरच्या चांगल्या वस्तीत जाऊ दिले जात नव्हते म्हणून तो येथे राहत होता. आजही या जोडघरांतून भाडेकरू राहतात. एका ओसरीवर कुंडीत तुळशीसारखे काही लावले होते; जवळ जाऊन पाहिले तर ती खरोखर तुळशीच्याच जातीची, त्यांच्या स्वयंपाकातली होती.

जेवायला एजवूड अ‍ॅव्हेन्यूवरील मंडईत गेलो. सन 1917 च्या मे महिन्यातील आगीने या भागातील 1900 हून अधिक इमारती गिळल्या आणि सुमारे दहा हजार लोक उघड्यावर आले. मोकळ्या पडलेल्या जमिनीवर पुढच्या वर्षी तंबूत बाजार भरू लागला आणि 1924 मध्ये विटांची पक्की मंडई झाली. गाळे गोऱ्यांना. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी बाहेर रस्त्याच्या कडेला माल मांडायचा. त्या कडेवरूनच या मंडईला ‘कर्ब मार्केट’ हे नाव पडले आणि आता ते अभिमानाने दर्शनी फलकावर लिहिलेले आहे. आत डुकराचे पाय, रताळी, भेंडी आणि कोलार्ड नावाच्या जाड पानांच्या जुड्या यांच्या शेजारीच कॉफी आणि बर्गर विकले जाते.

भात, राजम्यासारखा पावटा आणि शिजवलेले कोलार्ड घेऊन एका टेबलावर बसलो. समोर ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ होते. टोपी काढून बाजूला ठेवली होती, आणि माझ्या ताटाकडे पाहून त्यांनी मिरच्यांच्या शिरक्याची बाटली न बोलता माझ्याकडे सरकवली. बोलणे निघाले. मी कशासाठी आलो हे सांगितल्यावर त्यांनी चमचा खाली ठेवला. त्यांच्या आईचा अटलांटा लाइफचा विमा होता. शनिवारी सकाळी एजंट येत असे, नेहमी टाय लावून. आई पावतीपुस्तक बायबलमध्ये ठेवत असे आणि हप्त्याची नाणी खिडकीतल्या एका कपात. त्या कपाला मुलांनी हात लावायचा नाही, घरात पाव नसला तरी नाही. आई गेली तेव्हा त्या पैशातून शवपेटी आली आणि थोडे उरले ते चर्चला दिले.

“पावतीपुस्तकावर शिक्का मारत की सही करत?” मी विचारले. इतक्या वर्षांनी हा प्रश्न कोणी विचारील असे त्यांना वाटले नसावे. त्यांनी विचार केला आणि सही, असे सांगितले. आद्याक्षरे, निळ्या शाईत.

मग त्यांनी मला विचारले की तुम्हीही असेच शनिवारी दारोदार जात होता काय. मी म्हणालो, शनिवारी नव्हे. पगाराच्या दिवशी, गिरणीच्या फाटकापाशी, पाळी सुटण्याच्या आधी अर्धा तास, कारण पाळी सुटल्यावर पहिला माणूस मी दिसलो नाही तर दुसरा सावकार दिसत असे. ते मोठ्याने हसले आणि म्हणाले की त्यांच्या एजंटालाही शनिवारी सकाळीच यावे लागे, त्याच कारणासाठी.